फोटोत न दिसणारा दम

खोकला महिनाभर गेला नाही की छातीचा फोटो काढायचा. फोटोत काही दिसले नाही तर सीटी स्कॅन करायचा. स्कॅनमध्येही काही निघाले नाही तर 'टेन्शन घेऊ नका' असे सांगून रुग्णाला घरी पाठवायचे. फुप्फुसाच्या आजारांकडे पाहण्याची आपल्याकडे ही रीतच पडून गेली आहे. या रीतीमागचा समज कोणी बोलून दाखवत नाही, पण तो डॉक्टर, रुग्ण आणि विमा कंपनी अशा सगळ्यांनाच मान्य असतो. आजार छातीत कुठेतरी ठाण मांडून बसलेला असतो. यंत्र जितके महाग तितकी त्याची नजर तीक्ष्ण. आणि रुग्ण जे सांगतो ते यंत्राच्या खोलीपर्यंत जाण्याचे निमित्त, असा तो समज आहे. तो मला उथळ वाटतो. लक्षणे, प्रतिमा आणि श्वासाच्या चाचण्या या एकाच सत्याकडे चढत जाणाऱ्या पायऱ्या नाहीत. माणसाला काय सोसावे लागते ते लक्षण सांगते, अवयवाची रचना किती बिघडली ते प्रतिमा सांगते, आणि अवयवाचे काम किती चालू आहे ते श्वासाची चाचणी सांगते. ही तीन मापे एकमेकांपासून दूर जाऊ शकतात, आणि पुष्कळदा जातात. त्यांतले एक माप दुसऱ्याला रद्द करू शकत नाही. ती का जुळत नाहीत याचा उलगडा करणे हेच निदानाचे खरे काम आहे, आणि नेमके तेच आपण यंत्रावर सोपवून बसलो आहोत.

१. मापे वेगळी का पडतात

याचे मूळ फुप्फुसाच्या घडणीतच आहे. निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत-बाहेर करतो. जीव तोडून श्वास घेतला तर हाच आकडा शंभर लिटरच्या पुढे जातो. शिल्लक एवढी मोठी असल्यामुळे शस्त्रक्रियेत एक अख्खे फुप्फुस काढून टाकलेली माणसेही बेताची कामे करीत जगतात. याचा अर्थ, फुप्फुसाचा मोठा हिस्सा निकामी झाला तरी रोजच्या हालचालीत त्याची वार्ता लागत नाही. चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांनी लंडनमधल्या नोकरदार पुरुषांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून १९७७ साली जे चित्र मांडले, त्याचा गाभा हाच होता. धूम्रपानामुळे ज्यांच्या श्वासनलिका अरुंद होत जातात त्यांचे बरेचसे नुकसान, धाप लागून ते डॉक्टरकडे येण्याआधीच होऊन गेलेले असते.

उलट बाजूही तितकीच खरी. दम्याच्या झटक्यात माणूस गुदमरून मरू शकतो आणि त्याच्या छातीचा फोटो मात्र स्वच्छ असू शकतो, कारण बिघाड नळ्यांच्या आकुंचनात असतो आणि आकुंचन फोटोत उमटत नाही. तिसरा प्रकार आणखी फसवा. दोन मिलिमीटरहून बारीक श्वासनलिका संख्येने इतक्या असतात की हवेच्या एकूण अडथळ्यात त्यांचा वाटा थोडाच पडतो. त्यांतल्या कितीतरी बुजल्या तरी फुंकण्याच्या चाचणीचा आकडा फारसा हलत नाही. म्हणजे रुग्णाला जाणवत नाही ते यंत्राला कळते, यंत्राला दिसत नाही ते रुग्णाला जाणवते, आणि काही वेळा दोघांनाही पत्ता नसतो.

२. लक्षण: कमी बोलते, पण खोटे नाही

लक्षणांच्या विश्वासार्हतेबद्दल भारतात क्षयरोगाच्या निमित्ताने दोनदा मोठा विचार झाला आणि दोन्ही वेळा उत्तरे उलटी आली. १९६३ साली देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी कर्नाटकातल्या खेड्यांमध्ये पाहणी करून दाखवले की फुप्फुसाचा क्षय झालेल्या बहुसंख्य माणसांना आपल्याला काहीतरी झाले आहे हे कळत होते. त्यांतले बरेच जण आपण होऊन दवाखान्यात गेलेही होते, आणि तिथून खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परत आले होते. क्षयाची चाहूल समाजाला नव्हती असे नाही, दवाखान्याला नव्हती. खोकला घेऊन येणाऱ्याची थुंकी तपासावी, या साध्या आणि स्वस्त धोरणाला या विचाराने मोठे बळ दिले. पुढे २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणाने मात्र वेगळेच चित्र दाखवले. प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण केवळ लक्षणे विचारली असती तर निसटले असते. छातीचा एक्स-रे काढला म्हणून ते हाती लागले. शिवाय ज्यांना लक्षणे होती त्यांच्यापैकी ६४ टक्के लोक कुठेच उपचाराला गेलेले नव्हते.

दुसऱ्या पाहणीने पहिलीला खोटे पाडले, आता लक्षणांचा जमाना संपला, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. तो मला पटत नाही. दोन्ही पाहण्यांनी निरनिराळे प्रश्न विचारले. सहा दशकांपूर्वीचा प्रश्न होता, आजारी माणसाला आपण आजारी असल्याचे कळते का. आताचा प्रश्न होता, दोन आठवड्यांचा खोकला, ताप, वजन घटणे अशा ठरावीक यादीला 'हो' म्हणणाऱ्यांतच सगळे रुग्ण सापडतात का. यादीला 'नाही' म्हणणारा माणूस लक्षणविरहित असतोच असे नाही. बिडी ओढणाऱ्याला सकाळचा खोकला हा खोकला वाटत नाही. चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बाईला धुराने ठसका लागणे हा स्वयंपाकाचाच भाग वाटतो. धापेचे तर त्याहून अवघड. दम लागू लागला की माणूस आधी जिना टाळतो, मग बाजार टाळतो, मग अंगणापलीकडे जाणे टाळतो, आणि 'दम लागतो का?' या प्रश्नाला प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो.

हे ओळखूनच फ्लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांना तपासताना प्रश्नाची ठेवण बदलली. दम लागतो का हे न विचारता, सपाट रस्त्यावर बरोबरीच्या वयाच्या माणसांबरोबर चालताना तुम्ही मागे पडता का, मधे थांबावे लागते का, कपडे घालतानाही धाप लागते का, असे त्यांनी विचारले. पुढे ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नावाने रूढ झालेली धापेची श्रेणी यातूनच आली. नीट घडवलेला प्रश्न हेही मोजण्याचे साधन असते, आणि तेही वापरायला शिकावे लागते. ओपीडीत रुग्णामागे दोन मिनिटे मिळत असतील तर हे साधन पेटीतच राहते, आणि मग दोष मात्र लक्षणाला दिला जातो.

धाप म्हणजे फुप्फुसच, असेही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रात ५४ टक्क्यांच्या वर. रक्त कमी, हृदय अशक्त, वजन जास्त, यांपैकी काहीही धाप लावू शकते. म्हणून लक्षण हे निदान नव्हे, हे आक्षेपकांचे म्हणणे बरोबरच आहे. पण त्यामुळे लक्षणाची किंमत कमी होत नाही. पुढच्या प्रत्येक चाचणीला कोणता प्रश्न विचारायचा, हे लक्षणावरूनच ठरते.

३. प्रतिमा: सावलीचे वाचन

एक्स-रेबद्दलचा आपला आदर समजण्यासारखा आहे. १८९५ साली रॉन्टगेनने हा किरण शोधला आणि जिवंत माणसाच्या छातीत डोकावण्याची सोय झाली; त्याआधी लेनेकने १८१६ साली शोधलेल्या स्टेथोस्कोपवर आणि बोटांनी छाती वाजवून पाहण्यावर भागवावे लागे. पण फोटो म्हणजे त्रिमितीय छातीची सपाट कागदावर पडलेली सावली. हृदयामागचा भाग, श्वासपटलाच्या घुमटाखाली उतरलेला भाग, बरगड्या आणि गळ्याच्या हाडांनी झाकलेली टोके या जागा त्यात दबून जातात. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, फुप्फुसाचा तुकडा तपासून ज्यांचा अंतर्गत (इंटरस्टिशियल) आजार सिद्ध झाला होता अशा ४५८ रुग्णांपैकी जवळजवळ दहा टक्के रुग्णांचा एक्स-रे पूर्णपणे नॉर्मल होता. अशा रुग्णाच्या पाठीवर, खाली तळाशी, स्टेथोस्कोप ठेवला तर वेल्क्रोची पट्टी उकलल्यासारखी करकर ऐकू येऊ शकते. एक्स-रे बोलण्याआधी कान बोलतो, असे म्हणावे लागते, आणि तरीही पाठ उघडी करून ऐकण्याची सवय दवाखान्यांतून झपाट्याने जात आहे.

सावलीचे वाचन करणारा डोळाही माणसाचाच असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत क्षयरोगासाठी सरसकट एक्स-रे काढण्याच्या मोहिमा चालू होत्या, तेव्हा हेन्री गारलँड या रेडिओलॉजिस्टने आपल्याच व्यवसायबंधूंची परीक्षा घेतली. दोष असलेल्या फोटोंपैकी सुमारे तीस टक्के फोटोंतला दोष अनुभवी डोळ्यांनाही दिसला नाही. तेच फोटो त्याच माणसाला पुन्हा दाखवले तर सुमारे पाचातल्या एका वेळी तो स्वतःच्याच आधीच्या मताशी सहमत नसे. व्यवसायाला हे कडू लागणारच होते. त्यानंतर फिल्म जाऊन पडदा आला, आता संगणकही फोटो वाचू लागला, तरी सावली ही सावलीच राहिली आहे.

मग सीटी स्कॅन? त्याने सावलीचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला, यात शंका नाही. फुप्फुसातल्या फायब्रोसिसचे मधमाशांच्या पोळ्यासारखे जाळे स्कॅनमध्ये निःसंशय दिसले तर आता तुकडा काढायची गरजही मानली जात नाही. पण रचना स्पष्ट दिसली म्हणजे काम कळले, ही उडी स्कॅनच्या बाबतीतही चुकीचीच. करोनाच्या काळात महाराष्ट्रातल्या घराघरांत 'स्कोर किती आला?' हा प्रश्न ऐकू येत होता. फुप्फुसाच्या पाच खंडांना प्रत्येकी पाच गुण, एकूण पंचवीस, असा तो हिशेब. मागणी इतकी वाढली की सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारला या एचआरसीटी स्कॅनचे दर यंत्राच्या क्षमतेनुसार दोन ते तीन हजार रुपयांवर बांधून द्यावे लागले. स्कोर म्हणजे किती भाग झाकोळला याचा अंदाज. रक्तात प्राणवायू किती पोचतो हे तो सांगत नव्हता. सारख्याच स्कोरचे दोन रुग्ण, एक घरी बरा झालेला आणि दुसरा ऑक्सिजनवर गेलेला, हे त्या काळात अनेकांनी पाहिले. त्याच वेळी आरोग्य खाते लोकांना फुकटातली एक चाचणी करायला सांगत होते: बोटाला ऑक्सिमीटर लावा, आकडा पाहा, सहा मिनिटे चाला, पुन्हा पाहा. बसल्याजागी ९६ दाखवणारा आकडा चालल्यावर घसरला तर फुप्फुसाची शिल्लक संपत आली आहे, हे या साध्या चालण्यातून कळत होते. ती साथ ओसरली. तिच्यातून आपण स्कोर लक्षात ठेवला आणि चालणे विसरलो.

४. श्वास मोजणे

लंडनचा डॉक्टर जॉन हचिन्सन याने १८४६ साली स्पायरोमीटरवरचे आपले काम प्रसिद्ध केले. दोन हजारांहून जास्त माणसांना, त्यांत खलाशी होते, पोलीस होते, पहिलवान होते, त्याने या यंत्रात फुंकायला लावले आणि एका दमात बाहेर पडणारी हवा उंचीच्या प्रमाणात वाढते हे दाखवून दिले. आयुर्विम्यासाठी हे माप कामी येईल अशी त्याला आशा होती. निर्णायक भर मात्र शंभर वर्षांनी, १९४७ साली पडली. फ्रान्सच्या रोबेर तिफनोने एकूण हवेसोबत पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते हे मोजायला सुरुवात केली. आजच्या स्पायरोमेट्रीचा कणा हाच आहे. एकूण हवा पुरेशी पण पहिल्या सेकंदाचा वाटा कमी, तर नळ्यांत अडथळा; वाटा ठीक पण एकूणच हवा कमी, तर फुप्फुस आखडलेले असण्याची शक्यता. दमा आणि सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, यांची वाट इथून फुटते, आणि ती कोणत्याही फोटोत अशी दिसत नाही.

भारताच्या दृष्टीने हा मुद्दा किरकोळ नाही. राज्यवार आजारभाराच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१६ मध्ये देशात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी आणि दम्याचे जवळपास पावणेचार कोटी रुग्ण होते. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा १८ टक्के, पण श्वसनाच्या दीर्घ आजारांमुळे वाया जाणाऱ्या निरोगी आयुष्यात ३२ टक्के. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या पुढाकाराने झालेल्या एका पाहणीत देशभरातल्या दवाखान्यांत एकाच दिवशी आलेल्या दोन लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. त्यांतल्या निम्म्यांना श्वसनाशी संबंधित तक्रार होती. एवढ्या तक्रारी असताना रक्तदाबाचे यंत्र प्रत्येक दवाखान्यात असते आणि स्पायरोमीटर मात्र शोधावा लागतो. सीओपीडी हा सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा आजार, ही समजूतही इथे आडवी येते. जगभर सीओपीडीच्या रुग्णांपैकी अंदाजे पाव ते निम्म्याच्या आसपास लोकांनी कधी धूम्रपान केलेले नसते. चूल, शेणी, धूळ, जुना क्षय, बालपणीचा न्यूमोनिया यांतून त्यांचा आजार येतो, आणि फोटोत त्याची बहुधा काही खूण नसते.

पण मी फोटोच्या जागी स्पायरोमीटरला बसवू पाहत नाही. ही चाचणी रुग्णाच्या प्रयत्नावर आणि शिकवणाऱ्याच्या चिकाटीवर उभी असते. ओठ घट्ट मिटून, छाती पूर्ण भरून, एकदम जोर लावून, आणि मग 'अजून, अजून, अजून' म्हणत शेवटच्या थेंबापर्यंत फुंकायचे. असे किमान तीनदा नीट जमले पाहिजे, आणि सर्वांत चांगल्या दोन प्रयत्नांत १५० मिलिलिटरहून जास्त फरक नसावा. रुग्ण मध्येच थांबला तर एकूण हवा खोटी कमी दिसते आणि अडथळ्याचा रुग्ण आखडलेल्या फुप्फुसाचा ठरतो. आकड्यांना दशांश चिन्ह असते म्हणून ते वस्तुनिष्ठ मानणे ही फोटोभक्तीचीच दुसरी आवृत्ती. शिवाय हवा आत-बाहेर होणे आणि ती रक्तात मिसळणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामासाठी डॅनिश संशोधक मारी क्रोग यांनी १९१५ साली कार्बन मोनॉक्साइडची अगदी थोडी मात्रा वापरून करायची चाचणी बसवली. तीच आज डीएलसीओ किंवा डिफ्यूजन म्हणून ओळखली जाते. रक्तक्षयात हा आकडाही खाली येतो, म्हणून हिमोग्लोबिन न पाहता तो वाचणे धोक्याचे.

ऑक्सिमीटरचेही असेच. रक्तातल्या प्राणवायूचा दाब ९५ वरून ७० पर्यंत घसरला तरी बोटावरचा आकडा ९७ वरून ९४ च्या आसपासच येतो, कारण त्या भागात आलेख जवळजवळ सपाट असतो. २०२० साली अमेरिकेत झालेल्या अभ्यासात असेही दिसले की दडून राहिलेली प्राणवायूची कमतरता काळ्या रुग्णांमध्ये गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा या यंत्राच्या नजरेतून सुटत होती. सावळ्या कातडीच्या देशाने ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

५. 'नॉर्मल' कोणाचे?

श्वासाच्या चाचणीचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो 'अपेक्षित' आकड्याच्या किती टक्के आहे यावर निकाल ठरतो. अपेक्षा ठरते ती वय, उंची, लिंग आणि निरोगी मानलेल्या एखाद्या लोकसमूहाच्या मापांवरून. इथे चाचणी विज्ञानाबरोबर समाजशास्त्रातही शिरते. २०१२ साली जगभरच्या नोंदी एकत्र करून जी समीकरणे बनली त्यांत गोरे, आफ्रिकी-अमेरिकी, ईशान्य आणि आग्नेय आशियाई असे गट होते. भारतीय उपखंडाचा स्वतंत्र गट नव्हता. आपल्याकडच्या कित्येक यंत्रांत गोऱ्यांच्या आकड्यातून दहा टक्क्यांच्या आसपास वजावट करून 'भारतीय नॉर्मल' काढायची पद्धत होती. आमच्या छात्या जात्याच लहान, हे त्यात गृहीत धरलेले.

हे गृहीतक तपासून पाहण्याजोगे आहे. अनेक देशांत झालेल्या प्युअर अभ्यासात, वय-उंचीचा हिशेब केल्यावरही, दक्षिण आशियाई निरोगी प्रौढांचा पहिल्या सेकंदाचा उच्छ्वास उत्तर अमेरिका-युरोपच्या तुलनेत ३१ टक्के कमी भरला. हा फरक रक्ताचा म्हणावा, तर दुसऱ्या एका अभ्यासात भारतातल्या शहरी मुलांची मापे ब्रिटनमध्ये वाढणाऱ्या भारतीय वंशाच्या मुलांशी मिळतीजुळती निघाली, आणि खेड्यातल्या मुलांची मात्र त्यांहून कमी. वंश एकच, छाती वेगळी. म्हणजे या तुटीत कुपोषणाचा, धुराचा, बालपणीच्या आजारांचा वाटा आहे, आणि आपण तो वंशाच्या नावावर टाकून 'नॉर्मल'मध्ये मुरवून टाकतो. २०१५ साली आलेल्या एका मोठ्या विश्लेषणाने याची किंमत दाखवली: सीओपीडी झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांचे फुप्फुस वेगाने खालावलेले नव्हतेच, तारुण्यातच ते पूर्ण वाढलेले नव्हते. २०२२ साली वंशभेद न करणारी समीकरणे आली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने त्यांची शिफारस केली. त्यानेही पेच सुटत नाही. एकच मापदंड लावला की काल नॉर्मल असलेली कितीतरी माणसे आज आजारी ठरतात. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत, भरतीत, विम्यात त्यांचे काय होणार? नॉर्मलची रेषा कुठे ओढायची हा वैद्यकीय निवाडा आहेच, शिवाय तो न्यायाचाही प्रश्न आहे, आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तो गुपचूप उरकला जातो.

हीच गोष्ट ०.७० या प्रसिद्ध रेषेची. पहिल्या सेकंदाची हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तर अडथळा, हा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. पण हे प्रमाण वयाबरोबर आपोआपच घटते, त्यामुळे या नियमाने निरोगी म्हातारे रुग्ण ठरतात आणि आजारी तरुण निसटतात.

६. तीन प्रकरणे

विसंगतीच पुरावा कशी ठरते, हे तीन आजारांत चांगले दिसते. पहिला, फायब्रोसिस आणि एम्फिसीमा एकाच छातीत असणे. फायब्रोसिस फुप्फुसाला आखडते, एम्फिसीमा फुगवते. दोन्ही ओढी एकमेकींना काटतात आणि स्पायरोमेट्रीचा कागद जवळजवळ नॉर्मल येतो. रुग्ण मात्र चार पावलांत थांबतो आणि त्याचे डिफ्यूजन तळाला गेलेले असते. २००५ साली फ्रान्सच्या व्हँसाँ कोताँ आणि सहकाऱ्यांनी हे मिश्रण स्वतंत्र आजार म्हणून मांडले. नॉर्मल कागदावर विश्वास ठेवणारा डॉक्टर इथे रुग्णाला आळशी ठरवील. हा कागद आणि ही धाप एकत्र कशी नांदते, असे विचारणाऱ्यालाच आजार सापडेल.

दुसरा, दमा. त्याचे स्वरूपच कमी-जास्त होण्याचे, म्हणून झटक्यांच्या मधल्या काळातली नॉर्मल स्पायरोमेट्री त्याला नाकारू शकत नाही. आणि नुसत्या घरघरीवरून तो ठरवणेही तितकेच धोक्याचे. कॅनडात दम्याचे निदान झालेल्या ६१३ प्रौढांची २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुन्हा कसून तपासणी केली, तेव्हा एकतृतीयांश लोकांमध्ये दम्याचा पुरावाच मिळाला नाही. मूळ निदानाच्या वेळी श्वासाची चाचणी झालेल्यांचे प्रमाण या लोकांमध्ये तुलनेने कमी होते. वर्षानुवर्षे पंप ओढणाऱ्या माणसाला मुळात दमा नसणे, आणि खरा दमेकरी अँटिबायोटिकवर दिवस काढत असणे, हे एकाच चुकीचे दोन परिणाम.

तिसरे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे, आणि मुंबईकरांच्या जवळचे. हवेतल्या बुरशीच्या किंवा पक्ष्यांच्या कणांमुळे होणारा हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. भारतातल्या २७ केंद्रांतल्या १०८४ रुग्णांची जी नोंदवही २०१७ साली प्रसिद्ध झाली, तीत फुप्फुसाच्या अंतर्गत आजारांपैकी ४७ टक्के याच प्रकारचे निघाले, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्या घरी एअर कूलर होता. चंदीगडच्या पीजीआयच्या नोंदीत मात्र सर्वांत मोठा वाटा सारकॉइडोसिस या वेगळ्याच आजाराचा होता. देश एक, काळ साधारण एक, उत्तरे दोन. कोणाला खोटे ठरवावे? मला वाटते, कोणालाच नाही. या आजारांत कोणतीही एकच चाचणी अंतिम प्रमाण नसते. छातीचा डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट आणि गरज पडल्यास तुकडा पाहणारा पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून जे ठरवतात तेच प्रमाण मानले जाते. आणि त्या बैठकीत पारडे फिरवणारी गोष्ट पुष्कळदा स्कॅनबाहेरची असते: कूलरची गवताची पॅड कधी बदलली, खिडकीच्या छज्ज्यावर कबुतरे बसतात का. २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत श्रद्धा, कायदा आणि आरोग्य यांची भांडणे झाली; त्या गदारोळात हा साधा प्रश्न ओपीडीत किती डॉक्टर विचारतात, हे कोणीच विचारले नाही.

७. तीन आक्षेप

पहिला आक्षेप साधनांच्या टंचाईचा. जिथे डॉक्टरच नाही तिथे तीन मापांचा मेळ कोण घालणार. त्यापेक्षा हातात मावणारे एक्स-रे यंत्र आणि ते वाचणारा संगणक गावात नेणे व्यवहार्य नाही का? क्षयरोगाच्या चाळणीसाठी नक्कीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पंधरा वर्षांवरच्या लोकांसाठी अशा संगणकीय वाचनाला मान्यता दिली, आणि वर दिलेल्या सर्वेक्षणाचे आकडे त्याच बाजूने बोलतात. पण चाळणी म्हणजे निदान नव्हे. एक्स-रेने संशय घेतला, सिद्ध मात्र थुंकीने केले, हे त्या सर्वेक्षणातच आहे. शिवाय चाळणीतून 'क्षय नाही' म्हणून बाहेर पडलेल्या खोकणाऱ्या माणसाचे काय? त्याच्या हाती 'नॉर्मल' लिहिलेला कागद येतो आणि त्याचा दमा किंवा सीओपीडी आणखी काही वर्षे बिनबोभाट वाढतो. ज्या गाडीतून एक्स-रे यंत्र जाते, तीत फुंकीचा जोर मोजणारे पीक फ्लो मीटर ठेवायला जागाही लागत नाही आणि पैसाही फारसा लागत नाही. टंचाई साधनांची कमी, क्षयापलीकडे पाहण्याच्या इच्छेची जास्त आहे.

दुसरा आक्षेप कर्करोगाचा, आणि तो वजनदार आहे. लक्षणांची वाट पाहिली तर उशीर होतो, म्हणून सरसकट स्कॅन करा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत, दीर्घकाळ आणि भरपूर धूम्रपान केलेल्यांमध्ये, कमी किरणांच्या स्कॅनमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. त्याच चाचणीत केलेल्या स्कॅनपैकी जवळपास एकचतुर्थांश स्कॅनमध्ये काहीतरी संशयास्पद आढळले, आणि त्या संशयांपैकी ९६ टक्के खोटे निघाले. ही अमेरिकेची गोष्ट; जुन्या क्षयाचे वण आणि गाठी छातीत बाळगणाऱ्या आपल्या समाजात खोट्या संशयाची भीती आणखी मोठी. म्हणून स्कॅन करू नये, असे मी म्हणत नाही. कोणाचा करायचा हे वय, बिडी-सिगारेटची वर्षे आणि कामाचा इतिहास पाहून आधीच ठरलेले असावे. चाळीशीच्या निर्व्यसनी माणसाला हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये स्कॅन जोडून देणे याला लवकर निदान म्हणता येत नाही.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा: रुग्णाचे सांगणे व्यक्तिनिष्ठ, विज्ञानाने मापावर उभे राहावे. याला उत्तर मापांनीच दिलेले आहे. जपानमध्ये सीओपीडीच्या रुग्णांचा पाठपुरावा करून २००२ साली दाखवण्यात आले की पुढच्या पाच वर्षांतल्या जगण्याचा अंदाज पहिल्या सेकंदाच्या उच्छ्वासापेक्षा धापेच्या श्रेणीवरून चांगला बांधता येतो. दोन वर्षांनी बार्टोलोमे चेली आणि सहकाऱ्यांनी वजन, नळ्यांतला अडथळा, धाप आणि सहा मिनिटांत चाललेले अंतर हे चारही एकत्र करून बोड निर्देशांक बनवला. एकट्या स्पायरोमेट्रीहून तो सरस ठरला. त्या चारांत फोटो नाही आणि स्कॅनही नाही.

८. चिठ्ठीवर काय लिहायचे

हे मान्य केले तर बदल सुरू व्हायला हवा तो चाचणीच्या चिठ्ठीपासून. आज रेडिओलॉजिस्टकडे जाणाऱ्या कागदावर नाव, वय आणि 'एक्स-रे चेस्ट पीए' एवढेच असते, क्वचित 'खोकला'. वाचणाऱ्याला माणूस गिरणीत होता की दगडखाणीत, क्षय कधी झाला होता का, धाप चालताना लागते की आडवे पडल्यावर, यातले काही ठाऊक नसते. तो सावली वाचतो आणि सुरक्षित भाषेत लिहितो, 'क्लिनिकली कोरिलेट करा', म्हणजे लक्षणांशी मेळ घाला. तपासणाऱ्या डॉक्टरने तो मेळ आधीच रेडिओलॉजिस्टवर सोपवलेला असतो, त्यामुळे तो शेवटी कोणीच घालत नाही. चिठ्ठीवर धापेची श्रेणी, कामाचा आणि घरातल्या धुराचा इतिहास, आणि डॉक्टरला नेमका कोणता संशय आहे ते एक वाक्य, एवढे लिहिणे बंधनकारक करायला नवे यंत्र लागत नाही. उलट दिशेनेही हेच: स्पायरोमेट्रीच्या कागदावर कोणते समीकरण वापरले, किती प्रयत्न नीट जमले आणि रुग्णाचे हिमोग्लोबिन किती, हे छापले जावे. विमा कंपन्या फोटो आणि स्कॅनच्या फायली मागतात. धापेची श्रेणी त्या मागत नाहीत, म्हणून ती लिहिली जात नाही. सरकारी योजनांच्या दावापत्रात तिच्यासाठी एक रकाना जोडला, तर ती लिहिली जाऊ लागेल.